पोरांच्या हातात खराटा दिला, निर्णय कधी देणार?

नवं शैक्षणिक धोरण महाविद्यालयांत उतरल्यापासून सातारा-सांगलीकडच्या स्टाफरूममध्ये एक वाद हटकून ऐकू येतो. राष्ट्रीय सेवा योजना, समाजसहभागाचे प्रकल्प यांना आता क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मिळतात. मग सेवा सगळ्यांनाच सक्तीची करावी, की आवड असेल त्याच्यापुरती ठेवावी? एका बाजूचं म्हणणं असं की पोरं दिवसरात्र मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली असतात. आठवडाभर गावात नेऊन घाम गाळायला लावल्याशिवाय त्यांना समाजाची जाण यायची नाही. दुसरी बाजू म्हणते, ही फुकटची राबणूक आहे, प्रमाणपत्रासाठी चाललेली धडपड आहे. गुणांसाठी केलेल्या सेवेला सेवा म्हणायचंच कशाला? दोघंही भांडतात ते तासांवर. किती तास, कुणाला, किती गुणांचे. मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी अडकलेला दिसतो. कारण तास मोजून झाले तरी एक प्रश्न कुणीच विचारत नाही: त्या तासांमध्ये त्या मुलामुलींनी स्वतः काय ठरवलं?

माझं म्हणणं सरळ आहे. काय करायचं हे ठरवण्यात तरुणाचा वाटा असेल, झाल्यागेल्याचा हिशेब त्यालाच द्यावा लागत असेल आणि बरावाईट निकाल त्याच्या डोळ्यांसमोर येत असेल, तरच ‘आपल्या हातून काही होऊ शकतं’ हा विश्वास स्वयंसेवेतून रुजतो. यातलं काहीच नसेल तर तीच सेवा नेमका उलटा धडा शिकवते. मोठी माणसं सांगतील तेवढं करायचं, फोटोला उभं राहायचं आणि घरी जायचं, हा तो धडा. असा धडा सक्तीनं दिला काय आणि ऐच्छिक ठेवला काय, शिकणारा एकच गोष्ट शिकतो, की इथं आपल्याला कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, हा तिचा ठरलेला आराखडा. कागदावर तो आजही उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही निवासी शिबिराला गेलेल्या माणसाला ठाऊक आहे. पहाटे प्रभातफेरी, मग दोन तास श्रमदान, दुपारी पाहुण्यांचं बौद्धिक, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. श्रमदानाची जागा आधीच ठरलेली असते. बहुतेक वेळा देवळाचं आवार नाहीतर शाळेचं मैदान, जे गावानं शिबिराच्या आदल्या दिवशीच झाडून ठेवलेलं असतं. टोप्या वाटल्या जातात, बॅनर धरला जातो, जिओटॅग केलेले फोटो निघतात, कारण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला ते लागतात. यात कुणाची बदमाशी असते असं मी म्हणत नाही. कार्यक्रम अधिकारी बहुतेकदा स्वतःच्या तासिका सांभाळून, खिशातले पैसे घालून हे करत असतात. पण पन्नास मुलं-मुली सात दिवस एका गावात राहतात आणि त्या सात दिवसांत त्यांच्यावर एकही निर्णय सोपवला जात नाही, हे आपल्याला खटकतसुद्धा नाही. मुलांच्या सहभागावर काम करणाऱ्या रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्या तळाच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांचा वापर, मुलांची शोभा आणि नावापुरता सहभाग. या तिन्हींना सहभाग म्हणायलाच त्यांनी नकार दिला. घोषणा छापलेला टी-शर्ट घातलेला, पण ती घोषणा कुणी आणि का ठरवली हे माहीत नसलेला मुलगा त्यांच्या दुसऱ्या पायरीवर उभा असतो. आपली किती शिबिरं त्या पायरीच्या वर चढली आहेत?

यावर ठरलेलं उत्तर येतं: बौद्धिकातून प्रेरणा मिळते ना. इथं मानसशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास येतो कुठून? त्यांनी चार वाटा सांगितल्या: स्वतः एखादी गोष्ट तडीस नेण्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ती जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर आणि त्या क्षणीची आपल्या शरीरामनाची अवस्था. सगळ्यांत भक्कम वाट पहिली. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर पहिल्याच अपयशात विरघळून जातो. सहज मिळालेल्या यशावर उभा राहिलेला विश्वासही ठिसूळ असतो, अडचणी ओलांडून मिळवलेलाच टिकतो, हेही त्यांनीच पुढं सांगितलं. आता आपल्या शिबिराचं वेळापत्रक यापुढं ठेवून पाहा. प्रेरणादायी व्याख्यानांना दुपारच्या दुपारा दिलेल्या आहेत, आणि स्वतः काही अवघड तडीस नेण्याला एक तासही नाही. जी वाट कच्ची, तिच्यावरच आपण सगळं ओझं टाकलं आहे.

गुणांविरुद्ध बोलणाऱ्यांचा मुद्दा मात्र हलका नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना, चित्र काढलंत तर रिबिन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल, असं आधीच सांगितलं. नंतर मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ रंगांकडे वळली. ज्यांना काही न सांगता प्रमाणपत्र दिलं, त्यांची आवड टिकून राहिली. म्हणजे अमुक कर, तर तमुक मिळेल, हा सौदा आवड मारू शकतो. हे मान्य करूनच पुढं जायला हवं. पण मग बक्षीस आणि सक्ती दोन्ही असूनही माणसं घडली, अशी उदाहरणं आपल्याच मातीत आहेत, त्यांचं काय करायचं?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि राबत. राबणं ऐच्छिक नव्हतं. ‘कमवा आणि शिका’ हा तिथला नियमच होता, आणि श्रमाचा मोबदला स्वतःच्या शिक्षणाच्या रूपानं पदरात पडत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर सक्तीही होती आणि बक्षीसही. तरीही त्या वसतिगृहांमधून बाहेर पडलेल्या शेतकरी-मजुरांच्या पोरांनी कुणापुढं मान खाली घातली नाही. का? कारण ज्या ताटात ते जेवत, त्याचा संबंध त्यांच्या हातच्या कामाशी होता. खोदलं, पिकवलं, शिजवलं आणि शिकलो, ही साखळी त्यांना अखंड दिसत होती. आपल्या शिक्षणासाठी आपण कुणाचे मिंधे नाही, हे त्यांना भाषणातून कळलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे की सक्ती विरुद्ध स्वेच्छा हा वादाचा आस धरू नये. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १९९९ पासून माध्यमिक शिक्षण पूर्ण करताना ४० तासांची समाजसेवा बंधनकारक आहे. पण ती कुठं आणि काय करायची, हे ठरलेल्या चौकटीत विद्यार्थीच निवडतो. तास सक्तीचे आणि निवड मोकळी, असंही असू शकतं. आपल्याकडे अनेकदा याच्या उलट असतं: नाव नोंदवणं ऐच्छिक, पण एकदा नोंदवलं की पुढचं सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं.

आणि गाडगेबाबा? प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनाला त्यांच्या फोटोला हार घातला जातो. बाबांच्या कामाचे दोन भाग होते. दिवसा गावात शिरले की हातात खराटा. रात्री कीर्तन, आणि त्या कीर्तनात उपदेश कमी, प्रश्न जास्त. समोर बसलेल्या माणसांना ते विचारत सुटत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. देव कुठं असतो, कर्ज काढून सण कशाला करता, पोराला शाळेत का घालत नाही? कराडच्या एका महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना गावोगाव स्वच्छतेचं अभियान नेलं, तेही त्यांच्याच नावानं. त्या अभियानात गावं एकमेकांशी ईर्षेनं भिडली, कारण काय करायचं ते गावानं बसून ठरवलेलं होतं. आपल्या शिबिरांनी बाबांचा खराटा उचलला आणि प्रश्न तेवढे मागं ठेवले. नुसता खराटा मारून घेणं हे बाबांचं काम नव्हतं, ते तर गावाला सवयच लावतं की कचरा टाकायचा, दरवर्षी पोरं येऊन झाडून जातील.

प्रश्न हातात दिला की काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. खटाव तालुक्यातल्या एका गावातलं शिबिर. कार्यक्रम अधिकारी मॅडमनी तिसऱ्या दिवशी मुलांपुढं एक कोरी फुलस्केप वही ठेवली आणि सांगितलं, उद्याचं काम मी ठरवणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून पोरं रात्री उशिरापर्यंत भांडली. कुणाला देवळाला रंग द्यायचा होता, कुणाला झाडं लावायची होती, आणि भर हिवाळ्यात लावलेल्या झाडांना पाणी कोण घालणार, यावर एक मुलगी अडून बसली होती. पाण्यावरून विषय पाण्यावरच आला. सकाळी जोड्या करून घरोघर गेले. वहीत रकाने पाडले होते: गल्ली, नळ आहे का, पाणी कधी येतं, किती वेळ येतं, कोण भरतं. गावठाणात पाणी सकाळी साडेसहाला येत होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत पहाटे साडेतीनला. तिथं एक आजी त्या पोरींना म्हणाली, “झोप मोडायची सवय झालीया बाळा, आता त्याचं काय वाटत न्हाई.” शेवटच्या रकान्यात पानामागून पान एकच उत्तर होतं: आई, सून, मुलगी.

समारोपाला सरपंच, ग्रामसेवक, शाल-नारळ असं सगळं रीतसर होतं. त्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी ती वही घेऊन उभी राहिली. आवाज कापत होता. “भाऊसाहेब, वरच्या वस्तीला पहाटे पाणी का सोडता?” एवढंच तिनं ग्रामसेवकाला विचारलं आणि आकडे वाचले. मंडपात चुळबुळ झाली. एका पुढाऱ्यानं, पाहुणे म्हणून आलात तर पाहुण्यासारखं राहा, असंही सुनावलं. मग पाणी सोडणारा माणूस उठला. खालचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय वर दाब चढत नाही, आणि सकाळी खालचा बंद केला तर लोक माझ्या अंगावर येतात, असं त्यानं सांगितलं. पोरांना हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाव सोडण्याआधी ती टाकीवर गेली, व्हॉल्व्ह पाहून आली आणि खाली-वर एक दिवसाआड वेळ बदलायचा प्रस्ताव कागदावर लिहून देऊन गेली. तो काही काळ पाळला गेला. उन्हाळ्यात पाणी कमी झालं आणि वेळ पुन्हा मागं सरकली. तेव्हा वस्तीतल्या दोघीजणी तीच वही घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या. यश म्हणावं तर अर्धं आहे. पण त्या शिबिरातली पोरं गाव म्हणजे काय, दाब म्हणजे काय, आणि पाण्याच्या असो की माणसांच्या, दाबापुढं काय करायचं, हे जे शिकली ते कुठल्या बौद्धिकानं शिकवलं असतं?

आता विरोधी बाजूचा सर्वांत दमदार आक्षेप. बळ आल्यासारखं वाटणं वेगळं आणि खरोखर हाती सत्ता असणं वेगळं. विट्याच्या किंवा वडूजच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन वर्षानुवर्षं बसलेल्या पदवीधराला आत्मविश्वासाचे डोस पाजून काय होणार? त्याला नोकरी हवी, शेतीला पाणी हवं, भाव हवा. ते देता येत नाही म्हणून सक्षमीकरणाचं गोड बोलायचं, हा धोका खरा आहे, आणि सरकारी पत्रकांतून तो उघड दिसतो. मी याला पूर्ण मान्यता देतो. निव्वळ भावना पोट भरत नाही.

पण खरी सत्ता मिळवणारी माणसं येतात कुठून, हेही विचारा. १९८२ चा गिरणी संप लांबत गेला तसे खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार मुंबईहून गावी परतले. गावात दुष्काळ. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. विज्ञान चळवळीतली मंडळी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना सोबत घेऊन त्यांनी दुष्काळाचाच अभ्यास केला. येरळा नदीचं पाणी कुठं गेलं, वाळू कोण नेतं, कुठलं पीक किती पाणी पितं? त्या अभ्यासातून बलवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण आलं, वाळू विकून आलेल्या पैशाचा त्याला आधार मिळाला, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा, हे तत्त्व आलं. समन्यायी पाणीवाटपाची जी मागणी पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांतून गाजली, तिची मुळं या अभ्यासात आहेत. यातला कुणी सुरुवातीला सत्तेवर नव्हता. त्यांच्याकडे होती ती मोजणी, वही आणि एकत्र बसून ठरवायची सवय. हक्क मागणाऱ्याला आधी आपल्याला मागता येतं हे कळावं लागतं, आणि हे कळतं ते छोट्या कामात. भावना आणि सत्ता ही एकमेकींच्या विरोधात उभी केली की तरुणांच्या हाती दोन्ही लागत नाहीत.

दुसरा आक्षेप शासनाबद्दलचा. स्वयंसेवकांचं कौतुक करत करत सरकार आपली जबाबदारी झटकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत मंडळांची, तालमींची, कॉलेजची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. दूध पोचवत होती, म्हाताऱ्यांना खांद्यावर आणत होती, पूर ओसरल्यावर घराघरातला गाळ उपसत होती. त्यांच्याबद्दल बोलताना आजही ऊर भरून येतो. पण त्याच ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि लेकराबाळांसह माणसं बुडाली. पुरेशा बोटी, लाइफ जॅकेट, प्रशिक्षित माणसं वेळेवर पोचवणं हे तरुणांच्या उत्साहावर सोडण्याचं काम नव्हतं. ज्यात जिवाची जोखीम आहे तिथं स्वयंसेवकाला पुढं करणं हा गुन्हाच मानला पाहिजे. इथं मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं उभा आहे.

मात्र यातून स्वयंसेवाच नको, हा निष्कर्ष निघत नाही. महामार्गालगतच्या गावांत मदतीच्या गाड्यांची रांग आणि आतल्या वाडीत कुणी फिरकलेलं नाही, हे सर्वांत आधी कुणाला कळलं? याद्या करत फिरणाऱ्या पोरांना. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून आहेत आणि बायांना लागणाऱ्या गोष्टी कुणीच पाठवल्या नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. असल्या माहितीचं पुढं काय होतं, तिथं खरी कसोटी आहे. पुढच्या पुराच्या आराखड्यासाठी ही पोरं तहसील कार्यालयात बसून, आमच्या गावात बोट किती, त्या चालू आहेत का, हे विचारू शकत असतील, तर स्वयंसेवा शासनाला जागं करते. त्यांना सत्कार आणि ट्रॉफी देऊन घरी पाठवलं, तर ती शासनाला निवांत झोपवते. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली. दोन पुरांच्या मधल्या काळात आपण या पोरांना किती बैठकांना बोलावलं होतं?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: सेवा ही ज्याला वेळ परवडतो त्याची चैन आहे. पहाटे दोन म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून कॉलेजला येणारी मुलगी सात दिवस शिबिराला कशी येणार? संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा राहणारा मुलगा रजा कुणाकडे मागणार? मुलींच्या बाबतीत तर शेवटची एसटी किती वाजता, हाच निर्णय असतो. म्हणजे शिबिरात येतात ती थोडी बऱ्या घरची पोरं, आणि बळही त्यांनाच मिळतं. याचं उत्तर भाऊरावांनी देऊन ठेवलं आहे. ज्याला गरज आहे त्याच्या श्रमाला मोल द्या. प्रवासखर्च द्या, आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या वस्तीत केलेलं काम शिबिराइतकंच धरा. त्या मुलीनं डेअरीवर फॅट कशी लावतात, तिथं कुणाचं दूध कमी भरतं, याची नोंद महिनाभर ठेवली आणि ती दूध घालणाऱ्या बायांसमोर मांडली, तर ती सेवा नाही का? आपण सेवेची व्याख्याच अशी केली आहे की कष्टकरी घरातलं पोर आपोआप तिच्याबाहेर पडतं.

पोरं चुका करतील, ही भीतीही ऐकू येते. करतीलच. १९४३ ते ४६ मध्ये याच भागात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सत्तेला समांतर असं प्रतिसरकार चाललं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवणाऱ्या तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचे, कुंडलचे जी. डी. बापू लाड तेव्हा विशीतले, आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडीही त्याच वयाचे. या पोरांनी न्यायदान मंडळं चालवली, दारूबंदी केली, कमी खर्चात लग्नं लावली. त्यांच्या शिक्षा कठोर होत्या, ‘पत्री सरकार’ हे नावच त्या शिक्षांवरून पडल्याचं सांगितलं जातं, आणि त्यांचं सरसकट समर्थन करता येणार नाही. पण गावोगावच्या माणसांनी पंचविशीच्या आतल्या पोरांपुढं आपले तंटे नेले, हा इतिहास आहे. ज्या जिल्ह्यानं हे पाहिलं, तिथंच आज वीस वर्षांच्या पोराला शिबिरात भाजी कुठली करायची हे ठरवू दिलं जात नाही. पुढारी मात्र त्याला ओळखतात. सभेला गर्दी करायला, सतरंज्या उचलायला, फ्लेक्स बांधायला त्याचं वय चालतं. निर्णयाच्या बैठकीत तेच वय आडवं येतं. महाविद्यालयांनी सेवेच्या नावाखाली हीच सतरंज्या उचलायची तालीम द्यायची आहे का?

याच भागात अलीकडे वेगळंही घडलं. श्रमदानातून पाणी अडवण्यात गावागावांना भिडवणारी पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये झाली ती वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत, आणि पहिलं आलं कोरेगावातलं वेळू. २०१८ मध्ये माण तालुक्यातली टाकेवाडी. त्या डोंगरउतारांवर समतल रेषा आखायला ए-फ्रेम वापरत. दोन काठ्यांचा ‘ए’, मधल्या आडव्या काठीवर एक खूण, वरून दोऱ्याला टांगलेला दगड. दोरा खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढं फिरवायचा. रेषा चुकली तर पहिल्याच पावसात चर फुटतो, आणि कुणाची चुकली हे सगळ्या गावाला कळतं. शाळकरी पोरीसुद्धा हे काम करत, आणि दोरा खुणेवर आला का, हे सांगणाऱ्या पोरीचं म्हणणं पंच्याहत्तर वर्षांचा म्हातारा मानत असे. बक्षीस लाखांचं होतं, स्पर्धा होती, ईर्षा होती. तरीही काम आपलं वाटत होतं, कारण रेषा आपण आखलेली होती आणि पाणी आपल्याच विहिरीला उतरणार होतं.

मग करायचं काय? फार मोठा अध्यादेश लागत नाही. बहुतेक शिबिरं हिवाळ्यात होतात, आणि २६ जानेवारीच्या सुमारास अनेक गावांत ग्रामसभा असते. अठरा वर्षांचा, मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण आपल्या गावच्या ग्रामसभेचा सदस्य असतो. तिथं बोलायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयांनी शिबिराच्या तारखा या ग्रामसभेला जोडून घ्याव्यात. पहिले दोन दिवस पोरांनी गाव विचारून काढावं, तिसऱ्या दिवशी काम स्वतः ठरवावं, आणि त्या गावच्या तरुण मतदारांनी ती वही ग्रामसभेपुढं वाचावी. शिबिराच्या खर्चातला किमान किराणा आणि साहित्याचा भाग विद्यार्थ्यांच्या समितीनं खर्चावा, आणि रोजचा जमाखर्च शाळेच्या भिंतीवर चिकटवावा. बिलावर सही कार्यक्रम अधिकाऱ्याचीच राहू दे, लेखापरीक्षणाची अडचण तेवढ्यानं सुटते. क्रेडिट द्यायचं तर फोटोंवर नको. काय ठरवलं, का ठरवलं, कुठं चुकलं आणि त्यावर काय केलं, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर द्यावं. पुढच्या वर्षीच्या तुकडीनं त्याच गावात परत जावं आणि आधीच्या वहीतलं काय टिकलं, काय नाही, इथून सुरुवात करावी. प्राचार्यांनी समारोपाला शाल घ्यायला यावं त्याऐवजी पहिल्या रात्रीच्या बैठकीला यावं, मागं बसावं, आणि पोरं देवळाला रंग द्यायचा की पाण्याचं बघायचं यावर भांडत असतील तर मध्ये बोलू नये.